पावसाळी आंबोली : चापडा, फुरसं आणि तिबोटी खंड्या नेमके किती अंतरावरून टिपावेत?

रानमोगरा
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं आंबोलीला जातोय. रात्री साप-बेडूक (सापांत मुख्यतः झाडावरचा विषारी चापडा आणि फुरसं) आणि परतताना चिपळूणच्या बाजूला तिबोटी खंड्या हा छोटा पक्षी, असा बेत आहे. स्थानिक वाटाड्या ठरवला आहे. सामान असं : क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅनन कॅमेरा, जवळून फोटो घ्यायची १०० मिमी मॅक्रो लेन्स, १००-४०० मिमी झूम लेन्स (दुसरी आवृत्ती), एक फ्लॅश. प्रश्न :
- विषारी सापाला मॅक्रोनं किती जवळ जावं?
- सापाची आकडी सोबत घ्यावी का?
- अँटीवेनमच्या (सापाच्या विषावरच्या प्रतिविषाच्या) दोन कुपी जवळ ठेवा असं एकानं सुचवलंय. ते बरोबर आहे का?
- खंड्याच्या घरट्याचे फोटो काढावेत की नाही, यावर आमच्यातच दोन तट पडलेत.

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

फोकसबुवा
मॅक्रो बेडकांसाठी ठेवा, सापाला १००-४०० लावा. का ते आकड्यांतच सांगतो.

ही झूम ०.९८ मीटरपर्यंत फोकस होते आणि तिथं ०.३१ पट मोठेपणा देते, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या ०.३१ पट. तुमच्या सेन्सरची रुंदी सुमारे २२ मिमी. म्हणजे ४०० ला जवळात जवळ फोकस केलं, की चौकटीत जेमतेम ७ सेंमी रुंदीचा भाग मावतो. पूर्ण वाढलेल्या मलबारी चापड्याचं डोकं तीनेक सेंमीचं. ते जवळजवळ निम्मी चौकट व्यापतं. अख्खं वेटोळं हवं असेल तर तुम्हाला मागेच सरकावं लागेल! ०.९८ मीटर हे अंतर सेन्सरपासूनचं आहे, हे ध्यानात ठेवा. लेन्स पूर्ण लांबवल्यावर पुढच्या काचेपासून सापापर्यंत ६०-६५ सेंमी उरतात.

तीच ७ सेंमीची चौकट १०० मॅक्रोनं हवी असेल, तर पुढची काच सापापासून ३०-३५ सेंमीवर न्यावी लागते. आणि कॅमेऱ्यामागे तुमचे दोन्ही हात असतात. उत्तर इथंच मिळालं.

फोकसच्या खोलीचा हिशेबही पाहून घ्या. ०.३१ मोठेपणाला एफ ११ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान) धारदार दिसणारा पट्टा फक्त ६ मिमीचा असतो. म्हणून समोरून घेतलेल्या फोटोत नाकाचं टोक आणि डोळा एकत्र क्वचितच धारदार येतात. डोक्याच्या बाजूला समांतर उभे राहा, फोकस डोळ्यावर ठेवा. चापड्याची डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली खाच, जिच्यानं तो उष्णता ओळखतो, तीही मग त्याच पट्ट्यात येते. एफ १६ च्या पुढे जाऊ नका. विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, खवल्यांच्या कडा मऊ पडायला लागतात.

कातळसडा
फोकसबुवांशी सहमत. फक्त ते ६० सेंमी चापड्यापुरतंच धरा, सगळ्या सापांना तेच माप लावू नका.

फुरसं, घोणस, चापडा यांची झेप साधारण शरीराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या लांबीपर्यंत जाते. आंबोलीतला नेहमीचा मलबारी चापडा ६०-७० सेंमीचा, म्हणजे झेप ३०-३५ सेंमी. फुरसं ३०-५० सेंमीचं. त्याची झेप लहान, पण वेग असा की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. घोणस सव्वा मीटरपर्यंत सहज असते. तिच्यासाठी अडीच-तीन मीटरच्या आत येऊ नका, ४०० वर लांबूनच घ्या. माप लेन्सपासून नव्हे, तर तुमचा जो अवयव सापाला सर्वांत जवळ आहे तिथून धरायचं. बहुतेक वेळा तो पुढे टेकवलेला गुडघा किंवा कोपर असतो.

चापडा दबा धरून बसणारा साप आहे. अंगठ्याएवढ्या फांदीवर शेपटीनं पकड घेऊन तो एकाच जागी कित्येक रात्री बसून राहतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, केशरी अशा रंगांत सापडतो आणि पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही. हलत नाही म्हणून लोक त्याला गरीब समजतात. पण तो गुडघ्यापासून डोक्यापर्यंत कुठल्याही उंचीवर असू शकतो. तुम्ही ज्या चापड्याचा फोटो घेताय त्याच्यापेक्षा धोका जास्त असतो तो तुमच्या पाठीमागच्या कारवीच्या झुडपात बसलेल्या दुसऱ्याकडून. म्हणून पद्धत अशी : थांबायच्या जागेभोवती एक मीटरचा घेर बॅटरीनं पायापासून डोक्यापर्यंत पाहून घ्यायचा आणि मगच तिपाई उघडायची. मागे सरकताना एकजण बॅटरी घेऊन मागेच बघत असला पाहिजे. आधाराला फांदी धरायची नाही.

आता आकडी. नको. हे साप पकडायचं साधन आहे, फोटोचं नाही. सोबत असली की "जरा पान आडवं येतंय, थोडा इकडे घेऊ" सुरू होतं. हलवलेला चापडा त्याची शिकारीची जागा सोडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणं, हाकलणं, आमिष दाखवणं, तसंच पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी विस्कटणं, हे सगळं येतं. पान आडवं येत असेल तर तुम्ही अर्धा फूट सरका.

हुप्प्या
मग ते शेवाळाच्या ओंडक्यावर नीट मांडून बसलेले, मागे मऊ हिरवी पार्श्वभूमी असलेले चापडे कुठून येतात? 😀

कातळसडा
@हुप्प्या, बरेचसे आणून बसवलेले असतात. गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त केलेलेही असतात. ओळखायला काही खुणा आहेत. चापड्याची बाहुली उभी असते. अंधारात ती रुंद, जवळजवळ गोल होते, उजेडात बारीक रेघ होते. रात्रीच्या म्हणवलेल्या फोटोत बाहुली सुईसारखी असेल, तर साप बराच वेळ झगझगीत उजेडात आहे किंवा फोटो दिवसाचा आहे. झाडावरच्या सापाची शेपूट फांदीला गुंडाळलेली नसून नुसती लोंबत असेल, तर तो नुकताच तिथं ठेवलेला असू शकतो.

डोळा दुधी-निळसर दिसला, तर साप कात टाकण्याच्या बेतात आहे. त्याला नीट दिसत नाही आणि तो चिडका असतो. त्याला सोडून पुढे जा.

सातबारा
फ्लॅशबद्दल कोणी लिहील का? सापाला पापण्या नसतात, डोळा मिटता येत नाही. मग फ्लॅश चालतो तरी कसा?

फोकसबुवा
@सातबारा, रास्त प्रश्न. १/१६ शक्तीवरचा फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच पेटतो. त्यापेक्षा चार जणांच्या बॅटऱ्या दहा मिनिटं डोळ्यात मारणं अधिक वाईट. पण फ्लॅश निरुपद्रवी आहे असाही दावा नाही. एका सापामागे आठ-दहा फोटो, मग बास. फोकसला बॅटरी एकच, मंद, तिरक्या कोनातून. एकावेळी एकच छायाचित्रकार पुढे.

मांडणी अशी करा. १००-४०० वर मॅक्रोचा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) चालत नाही, कारण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सापापासून मीटरभर लांब पडतो. इतक्या लांबून तो एक ठिपका बनतो आणि ओल्या खवल्यांवर पांढरे डाग येतात. फ्लॅश रेडिओ ट्रिगरवर (बिनतारी पेटवायच्या साधनावर) घ्या, एकपायी दांड्याच्या टोकाला लावा, पुढे २०-२५ सेंमीचा चौकोनी सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवणारी कापडी पेटी. दांड्यामुळे धरणारा मागे उभा राहतो आणि फ्लॅश सापापासून ७०-८० सेंमीवर, वरून ४५ अंशांत येतो. सुरुवात : मॅन्युअल, १/१६०, एफ ११, आयएसओ ४००, फ्लॅश १/१६. पिवळा चापडा फोटोत लगेच जळतो (पांढरा पडतो), त्याला १/३२. मागचं जंगल ठार काळं नको असेल, तर संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात आयएसओ १६००, १/३० करा आणि फ्लॅश तेवढाच उतरवा. यात अडचण वाऱ्याची : फांदी हलली की सापाच्या कडेला दुहेरी सावली येते. वारा असेल तर तो नाद सोडा.

रानमोगरा
फारच उपयुक्त. फुरसं आणि मण्यार यांची ओळख पटवण्याबद्दलही लिहा ना. आमच्यातला एकजण सगळ्या सापांना "बिनविषारी असेल" म्हणतो.

कातळसडा
त्याला मागे चालायला सांगा.

फुरसं कोकणातल्या कातळावर, म्हणजे सड्यावर, जास्त. घाट उतरून सावंतवाडी, देवगड, रत्नागिरीकडे गेलात तर जांभ्याच्या सुट्या दगडांखाली हात घालायचा नाही आणि बेडकाच्या फोटोसाठी पोटावर झोपायचं असेल तर आधी जागा पूर्ण तपासायची. खवले खरखरीत, मधोमध कण्यासारखा उठाव असलेले, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी फिकट खूण, दोन्ही कुशींवर नागमोडी फिकट रेघ. चिडलं की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. मांजऱ्या सापाची गल्लत याच्याशी होते. मांजऱ्याचं अंग गुळगुळीत, मान बारीक, शरीर लांबट सडपातळ.

विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या : कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे उलट, डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि मागे ठळक होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक रांग असते, कवड्याला ती नसते. पण हे लांबच्या फोटोवर मोठं करून बघायचं. खवले मोजायला वाकायचं नाही.

घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणस यांचीही गल्लत होते, पिल्लू अजगराचीही. खऱ्या घोणशीच्या पाठीवर गोल-लंबगोल गडद ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या जुळलेल्या असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकसारखे नसतात. घोणशीचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आणि लांबलेला. ऐकू आला तर तो इशारा समजा. तिथून मागे सरका, फोटो राहू दे. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते आणि ती मे ते जुलैच्या सुमारास. त्यामुळे तुमच्या सहलीच्या दिवसांत वीतभर घोणशी पायवाटेवर असू शकतात. पिल्लू जन्मतःच विषारी असतं.

हुप्प्या
आणि नागाचा फणा? फणा नसेल तर नागाचा फोटो कोण बघणार?

कातळसडा
फणा म्हणजे घाबरलेला नाग. निवांत नाग फणा काढत नाही. फोटोतल्या नागाचा फणा पूर्ण पसरलेला आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला असेल, तर बहुधा तिथं कोणीतरी हात किंवा फडकं हलवतंय. रस्ता ओलांडणारा, शेताच्या बांधावरून जाणारा नाग घ्या, ४०० वर, चार-पाच मीटरवरून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून. १/५०० पुरतं.

नाडीपरीक्षा
अँटीवेनमबद्दल इथं सुटं सुटं लिहून चालणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

कुपी सोबत ठेवू नका. भारतात मिळणारं बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे. चापड्याच्या विषावर ते चालत नाही. म्हणजे आंबोलीत ज्या सापाच्या मागे तुम्ही रात्रभर फिरणार, नेमका तोच यात नाही. दुसरं, दोन कुपींनी काही होत नाही. सुरुवातच ८ ते १० कुपींनी होते, मुलालाही तेवढ्याच, कारण सापानं सोडलेलं विष वजन बघून सोडलेलं नसतं. भुकटीची कुपी १० मिली शुद्ध पाण्यात विरघळवून, सलाइनमध्ये घालून, तासाभरात शिरेतून द्यावी लागते. अनेकांना त्याची तीव्र ॲलर्जी येते. त्या क्षणी ॲड्रिनलीन आणि श्वास सांभाळणारा माणूस जवळ नसेल तर प्रतिविषच जीव घेऊ शकतं. जंगलात हे करायचं नसतं.

दंश झाला तर :
सापापासून दूर व्हा. त्याला मारायला किंवा पकडायला जाऊ नका. कॅमेऱ्यात आधीच फोटो असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, नसेल तर राहू द्या. उपचार लक्षणं बघूनही होतात. अंगठी, कडं, घड्याळ, बूट सूज यायच्या आत काढा. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी बांधून तो हात किंवा पाय स्थिर करा. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, बर्फ नाही. घोणस, फुरसं, चापडा यांच्या दंशात आवळून बांधलं तर विष एका जागी कोंडून मांस सडायची भीती वाढते आणि पट्टी सोडताना एकदम धोका येतो. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, पण आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किमी, घाट आणि धुकं. त्यामुळे आपली गाडी जाण्याच्या दिशेला तोंड करून लावलेली असावी आणि किल्ली कोणाकडे आहे हे चौघांनाही माहीत असावं. कुठल्या रुग्णालयात प्रतिविष आणि श्वासयंत्र दोन्ही आहेत, हे जायच्या आधी दिवसाउजेडी फोन करून विचारा. रात्री वाटेत नेटवर्क असेलच असं नाही.

दंशाची वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात २ मिली रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं स्थिर ठेवून गोठतं का बघतात. घोणस किंवा फुरशाच्या दंशात ते गोठत नाही. ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून निघून यायचं नसतं. चापड्याच्या दंशात प्रतिविष नसलं तरी रुग्णालयात जायचंच. वेदना, सूज आणि कधी रक्त गोठण्यातला बिघाड, यावर उपचार असतात.

मण्यारीचं वेगळं. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास. म्हणून मुक्कामी जमिनीवर अंथरूण नको. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

टिटवी
खंड्याबद्दल. तुमच्यात दोन तट पडलेत ते ठीकच आहे, इथंही पडतील.

तिबोटी खंड्या पावसाबरोबर कोकणात विणीला लागतो. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याच्या कापलेल्या मातीच्या दरडीत मीटरभरापर्यंत लांब आडवं बीळ खणतो. अंडी १७ दिवसांच्या आसपास उबतात, पिल्लं साधारण २० दिवसांनी बाहेर पडतात. पक्षी १३ सेंमीचा. बीळ खणत असताना आणि अंडी उबवताना जाऊच नका. या काळात जोडी बीळ सोडून जायची शक्यता जास्त असते. पिल्लांना भरवणं जोरात सुरू झाल्यावर जोडी सहसा सोडत नाही, पण तेव्हाही अंतर आणि वेळ पाळा.

आपण जास्त जवळ आहोत याची खूण एकच आणि ती स्पष्ट आहे : पक्षी चोचीत पाल, खेकडा किंवा बेडूक घेऊन आला, फांदीवर बसला, आणि बिळात न जाता मान वर-खाली करत, जागा बदलत राहिला. पाच मिनिटं असं झालं की तुम्ही मागे. तिकडे पिल्लं उपाशी असतात आणि तो घास तुमच्यामुळे अडलेला असतो.

लपून फोटो काढायचा आडोसा किमान १२-१५ मीटरवर, तोही बिळासमोर नको. पक्षी येताना ज्या फांदीवर थांबतो तिच्या बाजूला असावा. फोटोही तिथंच चांगला येतो. बिळाच्या तोंडाचे फोटो सगळे सारखेच दिसतात. तिपाई, शटरचा आवाज बंद, १/२५० ते १/३२० एफ ५.६, आयएसओ ३२०० ते ६४००. पावसाळी जंगलात याहून उजेड मिळत नाही आणि फ्लॅश इथं अजिबात नाही. उडतानाचा फोटो जुलैत विसरा, त्याला १/२००० लागतं. आवाजाची टेप वाजवायची नाही, बिळासमोरचं गवत कापायचं नाही. ते गवतच बीळ साप-मुंगसापासून लपवतं.

सातबारा
इथं थोडा असहमत. आडोसा कोणाच्या तरी खाजगी जागेत असतो. त्यातून त्या घराला पावसाळ्यात चार पैसे मिळतात आणि म्हणून ती दरड जेसीबीनं खरवडली जात नाही. "जाऊच नका" म्हटलं तर दरडही जाईल.

टिटवी
"जाऊच नका" हे अंडी असतानापुरतं लिहिलंय. जागामालकाला पैसे जरूर मिळावेत. पण एका आडोशात एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं नकोत, एका तुकडीला दोन तास पुरे, आणि पक्षी बसावा म्हणून रोपलेली फांदी, आमिषाला बांधलेला मासा असले प्रकार दिसले तर पैसे न देता निघावं. मालकाला तेच कळतं.

आणि एक : फोटो टाकताना जागा लिहू नका, फोनच्या फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका. गावाचं नाव न देता जिल्ह्याचं नाव पुरतं.

कातळसडा
हेच चापड्यालाही लागू. एकाच झुडपावर महिनाभर बसणाऱ्या सापाचा नेमका पत्ता म्हणजे त्याच्यावर रोजची जत्रा.

अवांतर : राखीव वनात रात्री फिरायला वनविभागाची परवानगी लागते. वाटाड्याला आधीच विचारा की तो नेतो ती जागा कुठल्या हद्दीत आहे. आणि सगळे खाली बघत चालले की गवा दिसत नाही. एकानं दर वीस-पंचवीस पावलांनी बॅटरी समोर आडवी फिरवून चमकणारे डोळे बघायचे. गवा फुसफुसला, अंगाची बाजू दाखवून उभा राहिला, तर थांबा, बॅटरी खाली करा, आल्या वाटेनं मागे या. शिट्टी, आरडाओरडा नको.

रानमोगरा
सगळ्यांचे आभार. आकडी आणि कुपी यादीतून काढल्या. शेवटचं : आंबोलीत ७,००० मिमीच्या पुढे पाऊस, कॅमेरा वाचवायचा कसा? आणि जळवा?

फोकसबुवा
पावसाइतकाच त्रास बाष्पाचा होतो. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेच्या आतून धुकं धरतं आणि ते पुसता येत नाही. खोलीत एसी नको, पिशवी बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. जंगलात लेन्स बदलू नका. बेडकांसाठी मॅक्रो लागणारच, तर दुसरा कॅमेरा उसना आणा. मायक्रोफायबरची फडकी पाच-सहा, प्रत्येक वेगळ्या झिप पिशवीत, कारण एकदा भिजलेलं फडकं काच फक्त माखतं. लेन्स हूड कायम लावलेला असावा.

परतल्यावर सगळं हवाबंद डब्यात, अर्धा किलो सिलिका जेलबरोबर, आर्द्रता मापक ४०-५० टक्के दाखवेपर्यंत. जेलचे निळे दाणे गुलाबी किंवा केशरी दाणे हिरवे झाले की कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. मात्र ती कढई नंतर स्वयंपाकाला घ्यायची नाही. भिजलेला कॅमेरा कापडी पिशवीत ठेवून दोन आठवडे विसरलात तर लेन्समध्ये बुरशीचे धागे धरतात आणि ते पुढे कोटिंग खातात.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे पँटवरून चढवा, वर गमबूट. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावतात, त्यानं काम होतं. पण तंबाखू किंवा मिठाचे हात बेडकाला लागू देऊ नका. त्यांची कातडी ते शोषून घेते. चिकटलेली जळू नखानं कडेनं सोडवा, ओढू नका. गमबूट आंबोलीला पोचण्याआधी आणि निघताना घासून, धुऊन, वाळवून घ्या. एका ओढ्याचा चिखल दुसऱ्या ओढ्यात नेला की बेडकांचे रोगही त्याच्याबरोबर जातात.